सत्तेचाळिसावा नंबर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आधीच कबूल करते. नवऱ्याचं म्हणणं, हिला एखादी गोष्ट सांगितली की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वेगळी लावायला नको. खोटं नाही ते. ठाण्याला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये मी वीस वर्षं काम करतेय. तिथे लोकांचे रिपोर्ट माझ्या पोटात बरोबर राहतात, एक अक्षर बाहेर पडत नाही. पण डोंबिवलीत घरी येऊन चपला काढल्या की काय होतं कोण जाणे.

त्या वर्षी माझी मुलगी नववीत होती आणि नववीची सहल मुरूडला जाणार होती. दोन दिवस, एक मुक्काम, समुद्र, होडीतून जंजिरा! शाळेचा नियम असा की मुक्कामाच्या सहलीला शिक्षकांबरोबर दोन माता-पालक हव्यातच, नाहीतर सहल रद्द. पालकसभेत बाईंनी विचारलं, "कोण कोण यायला तयार आहे?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर. माझ्या शेजारणीचा चष्मा पडला त्या झटक्यात.

आता ही एवढी घाई का, ते सांगायला हवं. मी स्वतः नववीत होते कल्याणला, तेव्हा आमच्या वर्गाची सहल अलिबागला गेलेली. मी गेले नव्हते. बॅग भरून ठेवलेली, नवे बूट घेतलेले, आणि आदल्या दिवशी बाबांनी परवानगीच्या कागदावर "नाही" लिहून तो माझ्याच हातात दिला. का, तर मुलीच्या जातीला मुक्काम नको, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. मी बूट काढून ठेवले. पण खरा त्रास पुढे झाला. त्या सहलीतले विनोद वर्गात वर्षभर चालले. कुणीतरी नुसतं "अंडाभुर्जी!" म्हणायचं की अख्खा वर्ग बाकांवर लोळायचा. मीही हसायचे. का हसायचे ते मला ठाऊक नव्हतं. अंडाभुर्जीचं काय झालं होतं, ते मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी तिथे नव्हते हे सगळ्यांना पुन्हा आठवलं असतं ना.

तर मला जायचं होतं. मुलीवर लक्ष ठेवायला वगैरे नाही, उगाच कशाला खोटं बोलू? मलाच जायचं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी नववीची सहल व्हायची होती आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. लॅबमधून येताना स्टेशनबाहेरून मी एक मोठ्या कडांची टोपी घेतली. एक टॉर्च घेतला. आणि एक शिट्टी घेतली, गळ्यात अडकवायची, लाल दोरीची. मुलं पाण्यात पुढे गेली तर वाजवायला. ती घरी वाजवून बघितली तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा काय झालं म्हणून वर आले.

नावं पाच जणींची आली. पाचही जणी मुलींच्याच आया. दोन निवडायच्या होत्या, म्हणून शुक्रवारी आम्हाला शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी बोलावलं. या मॅडम आठवड्यातून तीन दिवस यायच्या. पहिल्या वर्षी पालकांनी केवढा आरडाओरडा केलेला, आमच्या मुलांना काय वेड लागलंय का म्हणून. आता सगळ्यांना त्यांची सवय झालेली. त्यांच्या खोलीबाहेर एक पत्र्याची पेटी होती. मुलांनी मनातलं काय ते लिहून, नाव न घालता, तिच्यात टाकायचं.

मॅडमनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाल्या, "पेटीत एक चिठ्ठी आलीय. वाचून दाखवलं तरी चालेल, असं खाली लिहिलंय, म्हणूनच वाचते." आणि त्यांनी वाचलं.

"प्लीज माझ्या आईला सहलीला आणू नका. ती खूप चांगली आहे. पण ती असली की मी फक्त तिची मुलगी असते, बाकी कुणीच नसते."

पाच कप पाच बशांवर टेकले. कुणी कुणाकडे बघेना.

"कुणाची आहे ते मला माहीत नाही, आणि मला शोधायचंही नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त घरी जा आणि आपल्या मुलीला एकदा विचारा. मी आले तर चालेल का? एवढंच."

माझं मात्र त्यांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. माझे डोळे त्या कागदावर खिळलेले. कागदाच्या कोपऱ्यात एक हसरं लिव्हर होतं. दोन डोळे, मोठं हसू, आणि अंगठा वर केलेला. यकृताच्या कुठल्याशा औषधाच्या कंपनीची ही पॅड्स आमच्या लॅबमध्ये गठ्ठ्याने येतात, आणि आमच्या घरात दुसरा कागद नसतोच. वाण्याची यादी लिव्हरवर, धोब्याची यादी लिव्हरवर, गणितं लिव्हरवर. चिठ्ठी माझ्याच लेकीची होती.

त्या दिवशी मी घरी गेले आणि काहीच बोलले नाही. मी! मुलगी टीव्हीसमोर बसून पापड खात होती. मी तिच्याकडे बघत राहिले. हिला मी नकोय. असं काय केलं मी हिला? मग आठवायला लागलं की बरंच काही केलंय. मागच्या वर्षी वर्गाच्या स्नेहसंमेलनात मी तिला भर स्टेजवर घरातल्या नावाने हाक मारलेली. तिच्या मैत्रिणींना त्यांच्या हिमोग्लोबिनबद्दल विचारलेलं. रात्रीचं जेवण मी तोंड मिटून जेवले. नवरा दोनदा म्हणाला, "बरं नाहीये का?"

शनिवारी दुपारपर्यंत काय झालं, तर बाकीच्या चौघींनी एकेक करून आपली नावं मागे घेतली. एकीच्या सासूबाई आजारी, एकीचं ऑफिस, एकीच्या कंबरेत चमक, एकीने तर कारणसुद्धा दिलं नाही. मुलीला विचारलं कुणीच नव्हतं! प्रत्येकीने आपापल्या मनाशी ठरवून टाकलं की चिठ्ठी आपल्याच घरची. आपण मुलांचा डबा बघतो, क्लास बघतो, झोप बघतो, अक्षर बघतो. त्यांना विचारायचं तेवढं राहून जातं.

आता माता-पालक नाहीत, म्हणजे सहल रद्द. शेहेचाळीस मुलांची सहल, आणि कारण माझं घर! मला ते सहन होईना. मुलगी क्लासला गेलेली. मी गॅलरीत उभी राहिले, मोबाईल काढला आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं.

"सर्व मैत्रिणींना नमस्कार. ती चिठ्ठी आमच्याच घरातली आहे, कागद मी ओळखला. तेव्हा तुम्ही कुणीही मनाला लावून घेऊ नका. मी माझं नाव मागे घेत आहे. मुलांची सहल होऊ दे, माझं काय एवढं." खाली हात जोडलेले आणि एक जहाज.

पाठवलं आणि डोळे भरून आले. खरं सांगू? छान वाटत होतं. केवढा त्याग केला मी! वरून मेसेज येतच होते. ताई, तुम्ही ग्रेट आहात. ताई, मन मोठं लागतं. दोघींनी तर लगेच नावं परत दिली, सासूबाईही बऱ्या झाल्या आणि चमकही गेली. मी पदराने डोळे पुसले, आणि तेवढ्यात दार वाजलं.

मुलगी आत आली. दप्तर खाली ठेवलं नाही, बूट काढले नाहीत.

"तू ग्रुपवर काय लिहिलंस?"

"अगं, तुला कसं कळलं?"

"क्लासमधल्या सगळ्यांना कळलं! सगळ्यांच्या आयांनी फोन केले. मला विचारतायत, तुला तुझी आई नको झाली का गं?"

"मी रागावले नाहीये," मी म्हटलं. अगदी मऊ आवाजात, त्यागाचा सूर अजून उतरला नव्हता. "तुझ्या मनात होतं ते तू लिहिलंस."

"मी नाही लिहिली ती चिठ्ठी!"

"अगं पण लिव्हर—"

"विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी तूच दिलेलीस ना मला गठ्ठाभर पॅड्स, सगळ्यांना वाट म्हणून? अख्ख्या वर्गात लिव्हर आहे, आई! पार दिवा स्टेशनवरून येणारी मुलंसुद्धा त्याच्यावर लिहितात!"

मी कपाळावर हात मारून घेतला. दिलेली होती. चांगली चाळीस-पन्नास दिलेली होती, आणि साफ विसरलेले.

"मग कुणी लिहिली?"

तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला.

"तुला माहितीये?"

"माहितीये. पण सांगणार नाही."

"अगं, मग निदान तुझी नाही एवढं तरी सांग ना सगळ्यांना!"

"मग कुणाची म्हणून शोधायला लागतील. ती आधीच रडतेय." तिचा स्वतःचाच आवाज फुटला. "आणि मी सगळ्यांना सांगितलेलं, माझी आई येणार आहे म्हणून. मला तू यायला हवी होतीस. तू मला एकदा तरी विचारलंस का?"

ती आत गेली आणि दाराआडून म्हणाली, "मी सहलीला जाणार नाही."

मी तशीच उभी. हातात फोन, त्याच्यावर अजून फुलं आणि जोडलेले हात येत होते. नवऱ्याने पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, आणि शहाण्यासारखा काही न बोलता पुन्हा वर धरला.

मला राग आला की तो कुणावर काढायचा हे मी ठरवून ठेवलेलं नसतं, जो सापडेल त्याच्यावर निघतो. त्या संध्याकाळी बाबा सापडले. ते कल्याणला असतात, माझ्या भावाकडे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रोज सात वाजता त्यांचा फोन येतो, गोळी घेतली हे सांगायला. त्यांनी "गोळी घेतली" म्हटलं आणि मी एकदम सुरू झाले.

"बाबा, तुम्ही मला नववीत सहलीला का पाठवलं नाहीत?"

"कुठल्या सहलीला?"

"अलिबागच्या! बॅग भरलेली होती माझी!"

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "मला नाही गं आठवत. मी नाही म्हटलेलं का?"

म्हणजे बघा! तीस वर्षं मी त्या कागदावरचं "नाही" डोळ्यांसमोर घेऊन फिरतेय, आणि ते लिहिणाऱ्याला आठवतच नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुला जायचं होतं?" बाबा म्हणाले. "बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बोलून गेले, आणि माझी मलाच थप्पड बसल्यासारखं झालं. हेच वाक्य मी आजच माझ्या लेकीच्या तोंडून ऐकलेलं. मी फोन ठेवला. माझी मुलगी चव्वेचाळीस वर्षांची झाल्यावर मला असाच फोन करेल, आणि मी म्हणेन, मला नाही गं आठवत. या कल्पनेने मी घाबरले. अगदी खरोखर घाबरले.

सोमवारी लॅबमध्ये अर्धा दिवस मागून मी शाळेत गेले. समुपदेशक मॅडमना सगळं सांगितलं. त्या माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील, पण मी त्यांच्यासमोर बाकावरच्या मुलीसारखी बसलेले.

"मी काय करू आता?" मी विचारलं. "ग्रुपवर लिहू की चिठ्ठी तिची नाही?"

"लिहाच. पण तुमची मुलगी ग्रुपवर नाही, तिचा वर्ग ग्रुपवर नाही. हसतोय तिला तो वर्ग." त्यांनी खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. "पेटी बाहेर आहे. त्यात मोठ्यांनी टाकू नये असं कुठे लिहिलंय?"

माझ्या पर्समध्ये कागद होताच. लिव्हरवालाच. मी बाहेर जिन्यात बसून लिहिलं. तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोनांत मी पुन्हा त्याग करायला लागलेले.

"मी नववीतल्या एका मुलीची आई. ती चिठ्ठी माझ्या मुलीने लिहिलेली नाही. हा कागद तुम्हा सगळ्यांकडे आहे, तो मीच वाटलेला. मी मुलीला न विचारता सगळ्यांना सांगून मोकळी झाले. चूक माझी आहे, तिची नाही आणि चिठ्ठी लिहिणारीचीही नाही. जिने लिहिली तिला कुणी शोधू नका. सॉरी."

जाण्याआधी एक गोष्ट मात्र केली. मधल्या सुट्टीपर्यंत थांबले, मुलीला मैदानाच्या कडेला गाठलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. "ही वर्गात वाचली तर चालेल?" तिने वाचली. पुन्हा वाचली. "चालेल," म्हणाली आणि चिठ्ठी पेटीत टाकायला घेऊन पळाली. एवढंच. पण निदान विचारलं मी.

मंगळवारी मॅडमनी ती वर्गात वाचली. ग्रुपवरही मी लिहिलं, जहाजाशिवाय. आणि व्हायचं तेच झालं! चिठ्ठी आमची नाही म्हटल्यावर ती कुणाचीही असू शकते, म्हणून बुधवारपर्यंत सासूबाई पुन्हा आजारी पडल्या, कंबरेत पुन्हा चमक भरली. माता-पालक शून्य. गुरुवारी दुपारपर्यंत नावं नाही आली तर शनिवारची बस रद्द, असं बाईंनी कळवलं. माझी मुलगी घरात माझ्याशी बोलायला लागलेली, पण सहलीचा विषय निघाला की उठून जायची. तिची बॅग माळ्यावरून खाली आलेलीच नव्हती. आणि मी एक जीभ आणि दहा बोटं आवरून बसलेले, कारण मी आणखी काही केलं तर आणखी काही बिघडेल याची आता मला खात्री होती.

गुरुवारी साडेअकराला लॅबमध्ये फोन आला. मॅडम होत्या.

"पेटीत चिठ्ठी आलीय," त्या म्हणाल्या. आवाजात हसू होतं. "लिव्हरवालीच. वाचू? तुम्हाला वाचून दाखवा असंच लिहिलंय."

मी हातातली ट्यूब स्टँडमध्ये ठेवली.

"मागची चिठ्ठी माझी होती. काल मी माझ्या आईला स्वतःच सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, बरं झालं बाई, मला होडीची भीतीच वाटते. पण ज्या काकूंनी वर्गाला सॉरी म्हटलं त्यांना आणा. आमच्याकडे मोठी माणसं सॉरी म्हणत नाहीत."

मॅडम पुढे सांगत होत्या, की सासूबाईंवाल्या ताईंनी शेवटी मुलीला विचारलं, आणि मुलगी म्हणाली, ये, फक्त माझ्या शेजारी बसू नकोस. म्हणजे एक माता-पालक झाली. आता दुसरी. "तुम्ही येणार का?"

माझ्या मनात अशा उकळ्या फुटत होत्या की मी तिथेच, सुया टोचून घ्यायला बसलेल्या लोकांसमोर, हो हो हो म्हणून ओरडले असते. तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं.

"मॅडम, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्याल? मला घरी एकीला विचारायचंय."

संध्याकाळी मुलगी पोहे खात होती. मी समोर बसले, मांडीवर हात ठेवून, परवानगी मागायला आल्यासारखी. होतेच तशी.

"मी सहलीला आले तर चालेल का?"

तिने सगळे पोहे संपवले. दाणे शेवटी राखून ठेवते ती, तेही एकेक करून खाल्ले. माझा जीव टांगणीला. मला वाटतं ते तिला कळत होतं.

"शिट्टी आणायची नाही," ती म्हणाली.

"नाही आणणार."

"घरातल्या नावाने हाक मारायची नाही. कुणाचं हिमोग्लोबिन विचारायचं नाही."

"नाही. आणि तू? तू येणार ना?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की काय ही बाई. "मी नाही आले तर तुला सांभाळणार कोण?"

मी उठून माळ्यावरून दोन बॅगा काढल्या. स्टूल न घेताच काढल्या, कशा काढल्या मला माहीत नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला बस शाळेपुढे उभी. मी पाचलाच हजर, टोपीसकट. बाई म्हणाल्या, तुम्ही मागे बसा, मुलांवर नजर राहील. मी शेवटच्या बाकावर, दोन्ही बाजूंना मुली. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून हात हलवला. कुणाला, देव जाणे, नवरा तर झोपलेला होता. पनवेलपर्यंत गाणी, मग भेंड्या, माझा घसा बसायची वेळ आली. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही किती ओरडता!" मी म्हटलं, "अगं, साठलंय खूप."

वडखळला नाश्त्याला थांबलो. तिथे दुसऱ्या कुठल्या तरी शाळेची बसही उभी होती, आमच्यासारख्याच निळ्या गणवेशातली मुलं. वडापाव झाले, सगळे परत चढले, आणि बरोबर आलेले सर म्हणाले, "चला, मोजणी. पुढून एकेकाने नंबर म्हणा." पुढून सुरू झालं. एक! दोन! तीन! आवाज बाकाबाकावरून मागे येत होता, आणि तो जसा जवळ येत होता तशी माझी छाती धडधडायला लागली. त्रेचाळीस! चव्वेचाळीस! शेजारची किंचाळली, पंचेचाळीस! आणि मी, पोटातून, शेहेचाळीस! आणि खिडकीतली, सत्तेचाळीस!

सरांनी हातातली यादी पुन्हा बघितली.

"सत्तेचाळीस?" सर म्हणाले. "आपण शेहेचाळीस आहोत. एक जास्त कोण?"

झाला गोंधळ सुरू. कमी पडलं तर माणूस शोधतो, जास्त झाल्यावर करायचं काय? सर त्या दुसऱ्या बसकडे धावले, तुमचं एखादं मूल आमच्यात आलंय का बघा. त्यांनी त्यांची मोजणी सुरू केली. आमची पुन्हा. पुन्हा सत्तेचाळीस! मीही घाबरलेले. वाकून वाकून एकेका चेहऱ्याकडे बघत होते, हा कोण, ही कोण, कुणाचं बिचारं लेकरू चुकून आमच्यात बसलंय. बाहेर दोन्ही बसचे ड्रायव्हर एकमेकांना समजावत होते.

तिसऱ्यांदा मोजणी आली. पंचेचाळीस! मी श्वास घेतला, आणि पुढून चौथ्या रांगेतून माझी मुलगी उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "तू का नंबर म्हणतेस?"

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. सर बसच्या पायरीवर बसले. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, आणि मी टोपीने तोंड झाकून इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. वर बघितलं तर मुलगी अजून उभीच होती, दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी. ती माझ्याकडे बघून हसत होती. मला लाज वाटली नाही. मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवू हे कळेना.

मग पुढचे दोन दिवस सगळ्यांनी मला नंबरनेच हाक मारली. सत्तेचाळीस, पाणी द्या. सत्तेचाळीस, इकडे बघा, खेकडा! शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाताना वारा एवढा होता की माझी टोपी उडाली आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "एक कमी झाला!" समुद्रात मी गुडघ्यापर्यंत गेले, मग कमरेपर्यंत, साडीचा विचार न करता. मुलगी मैत्रिणींबरोबर लांब होती. मी तिच्याकडे गेले नाही. तिला हवं तसं तिने असावं, मीही मला हवी तशी होतेच की. त्या मुलींतली चिठ्ठीवाली कोण, ते मला आजही माहीत नाही. लेकीला माहीत आहे. हा प्रश्न मात्र मी विचारत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी कल्याणला बाबांकडे गेलो. मुलीने आजोबांना सगळी सहल सांगितली, हात उडवत, अर्धं बोलत अर्धं हसत. "आणि मग काय माहितीये आजोबा, सत्तेचाळीस!" एवढं म्हणून ती सोफ्यावर आडवी झाली. पुढचं तिला बोलताच येईना. मीही हसत सुटले.

बाबाही हसले. आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत, मान हलवत, जरा उशिराने. त्यांना काही कळलेलं नव्हतं. ते हसणं मी ओळखलं. नववीत वर्षभर मी तेच हसले होते.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. बस कुठे थांबली, दुसरी बस कोणती, मी कुठे बसलेले, नंबर कसा मागे मागे येत होता. सरांना पायरीवर बसवलं तेव्हा कुठे ते खरे हसले, खोकला येईपर्यंत. मुलीने पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि तो बोटांनी फिरवत बसले.

"तुला खूप आवडलं म्हणजे," ते म्हणाले.

"खूप, बाबा."

"मग पुढच्या वर्षी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जायचंय का तुला?"

पुढच्या वर्षी दहावी. दहावीला सहल नसते. ते सांगायला मुलीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "मला जायचंय."